हाताच्या कसबाला साक्षीदार हवा
(असंघटित कामगारांच्या प्रश्नांवरील कामगार शिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वे आणि टपाल कामगारांच्या वर्गात मालीश करणाऱ्यांच्या व्यावसायिक स्पर्धांविषयी बोलायचे, हे वाचून काहींना नवल वाटले असेल. रिक्त जागा, ठेकेदारी, पेन्शन असे विषय उभे असताना हा विषय कोठून आला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही आधीच देतो. आपण संघटित आहोत. आपल्याला हुद्दा आहे, वेतनश्रेणी आहे, सेवापुस्तक आहे. खलाशी म्हणून लागलेला माणूस ट्रेड टेस्ट देऊन कारागीर होतो. ग्रामीण डाक सेवक खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन होतो. आपले कसब कोठेतरी लिहिलेले असते. पण या देशात असे कितीतरी कामगार आहेत की ज्यांचे कसब कोठेच लिहिलेले नाही. मालीश करणारा कामगार त्यांपैकी एक. त्याच्या कसबाची नोंद कशी व्हावी, या प्रश्नात आपल्या अनुभवाचा उपयोग आहे, म्हणून हा विषय आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हा कामगार कोण ते पाहू. मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खुळखुळवीत फिरणारा तेलमालीशवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. १९५७ सालच्या 'प्यासा' या चित्रपटात जॉनी वॉकर यांनी त्याला पडद्यावर आणले आणि तो घरोघरी पोचला. कोल्हापूरच्या तालमीत पहिलवानांचे अंग रगडणारा वस्ताद आहे. केरळात कळरीच्या परंपरेतून उळिच्चिल शिकलेला कारागीर आहे. आयुर्वेदिक केंद्रात अभ्यंग करणारे आहेत. शहरांतील स्पामध्ये काम करणाऱ्या तरुण मुली आहेत, त्यांतल्या अनेक ईशान्येकडील राज्यांतून पोटासाठी आलेल्या आहेत. आणि आपल्या प्रत्येकाच्या घराशी जिचा संबंध आलेला असतो ती बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी बाई आहे. सव्वा महिना रोज सकाळी येऊन ती बाळाला पायांवर घेते, बाळंतिणीचे अंग चोळते, शेक देते. शेवटी तिला साडी-चोळी मिळते आणि ठरलेले पैसे मिळतात. तिचे काम शास्त्राला धरून आहे की नाही, ते तिला कोणी शिकवले, ती इतरांपेक्षा बरी की वाईट, हे कोणी विचारीत नाही. 'हात हलका आहे हो तिचा', एवढेच तिचे प्रमाणपत्र.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यांचे काम दुसरा कारागीर कधी पाहत नाही. गँगमन टोळीत काम करतो. नवखा पहार कशी मारतो ते जुना माणूस पाहत असतो, आणि चुकला तर तिथल्या तिथे सांगतो. फिटरचे काम शेडमध्ये दहा जण बघतात. पोस्टमनचे काम सारा गाव बघतो. मालीशचे काम मात्र बंद खोलीत किंवा पडद्याआड होते, आणि ज्याच्या अंगावर ते होते तो डोळे मिटून पडलेला असतो. काम संपले की मागे वस्तू उरत नाही. सुताराची खुर्ची दाखवता येते, लोहाराची कडी दाखवता येते. मालीशचे काय दाखवणार? त्यामुळे वीस वर्षे काम केलेल्या माणसालाही आपण चांगले करतो की वाईट, हे ताडून पाहायला जागा मिळत नाही. एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्याला कळत नाही, ती त्याच्याबरोबर संपते.

ज्या कामाला साक्षीदार नसतो, त्या कामावर संशय घेणे फार सोपे असते. हा संशय आजचा नाही. इंग्लंडमधील एक दाखला आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तो कामगार संघटनेच्या इतिहासात मोडणारा आहे. १८९४ साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली अनाचार चालतो असा गवगवा झाला. ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यावर लिहिले. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परिचारिकांच्या पोटावर पाय आला. तेव्हा चार परिचारिकांनी पुढाकार घेऊन त्याच वर्षी प्रशिक्षित मालीश करणाऱ्या स्त्रियांची एक सोसायटी स्थापन केली. आम्ही तशा नाही, असे सांगत दारोदार फिरण्यापेक्षा त्यांनी परीक्षा सुरू केली. स्वतःसाठी कडक नियम केले. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काम करायचे नाही, रुग्णाला औषधे विकायची नाहीत, वैद्यकीय पत्रांखेरीज कोठे जाहिरात करायची नाही.

पुढे काय झाले ते पाहा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पुन्हा उभे करण्यासाठी या शिकलेल्या हातांची गरज पडली. १९२० साली संस्थेला राजाची सनद मिळाली. १९४४ साली तिने 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' हे नाव घेतले. आज आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो, आपल्या रेल्वे इस्पितळात ज्या विभागात पाठ-मानेसाठी आपल्याला पाठवले जाते, त्या व्यवसायाची ब्रिटनमधील वंशावळ अशी मालीशवाल्या स्त्रियांपर्यंत जाते. आणि ही सोसायटी पुढे कामगार संघटना म्हणूनही काम करू लागली, १९९२ साली ती ब्रिटनच्या ट्रेड युनियन काँग्रेसला जोडली गेली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिच्या सभासदांनी वेतनासाठी इतिहासातील पहिला संप केला. बदनामीतून परीक्षा, परीक्षेतून मान्यता आणि मान्यतेतून हक्काची भाषा असा हा सव्वाशे वर्षांचा प्रवास आहे.

आपल्याकडे हा प्रवास सुरू व्हायचा आहे. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महोमद यांनी १८१० ते १८२० या दशकात इंग्लंडात ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि चंपी यांचा व्यवसाय उभारला, तो इतका गाजला की खुद्द राजाने त्यांची नेमणूक केली. आज जगभर केस धुण्यासाठी जो 'शांपू' हा शब्द वापरतात तो आपल्या चंपीवरूनच गेलेला आहे. शब्द परदेशी जाऊन मोठा झाला, पण चंपी करणारा येथे फूटपाथवरच राहिला.

आणि संशय तर कायम आहे. २०२१ साली दिल्ली सरकारने स्पा केंद्रांसाठी नियम काढले, त्यांत पुरुषाने स्त्रीला आणि स्त्रीने पुरुषाला मालीश करण्यास सरसकट बंदी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. अनैतिक व्यापार रोखणे हा हेतू आणि अशी सरसकट बंदी यांचा सकृद्दर्शनी योग्य संबंध दिसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. गुन्हा करणाऱ्याला पकडा, त्याला आमचा पाठिंबाच आहे. जबरदस्तीने ज्यांना त्यात ओढले त्यांची सुटका करा. परंतु छापा पडला की मालक जामिनावर सुटतो आणि कसबाने काम करणाऱ्या मुलीची नोकरी जाते, खोली जाते, गावाकडे अब्रू जाते. आपण मालीशचे शिक्षण घेतलेली कारागीर आहोत हे सांगायला त्या मुलीजवळ काय असते? बहुधा काहीच नसते.

येथे व्यावसायिक स्पर्धेचा प्रश्न येतो. स्पर्धा म्हणजे बंद खोलीचे दार उघडणे. एका सभागृहात वीस टेबले मांडली आहेत, वीस कारागीर एकाच वेळी काम करीत आहेत, जाणकार परीक्षक टेबलांमधून फिरत हातात गुणपत्रिका घेऊन पाहत आहेत आणि बाकीचे शंभर कारागीर बाजूला बसून बघत आहेत. असे दृश्य आता जगात दिसू लागले आहे. २०१७ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे मसाजच्या जागतिक स्पर्धेला सुरुवात झाली. स्वीडिश पद्धत, पौर्वात्य पद्धत असे वेगवेगळे विभाग तेथे असतात. केवळ हात किती सफाईने फिरतो एवढेच तेथे पाहत नाहीत. समोरच्या माणसाशी वागणूक कशी आहे, कामात लय आहे का, आणि काम करणारा स्वतःचे शरीर कसे वापरतो, हेही पाहतात.

हा शेवटचा मुद्दा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. मालीश करणाऱ्याचे हत्यार म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. ते झिजले की बदलून मिळत नाही. या धंद्यात अंगठ्याच्या बुडाचा सांधा, मनगट, खांदे आणि कंबर प्रथम जातात. कारण नवखा कामगार अंगठ्याने आणि दंडाच्या जोराने दाबतो. जाणता कामगार पाय मागे-पुढे ठेवून अंगाचे वजन पुढे सोडतो, अंगठ्याऐवजी तळहात आणि कोपराखालचा हात वापरतो, मनगट सरळ ठेवतो. टेबलाची उंचीही महत्त्वाची. शेजारी ताठ उभे राहून हात खाली सोडला की मिटलेल्या मुठीची बोटे टेबलाला लागावीत, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. तुमच्यातील गँगमन बांधवांना हे समजावून सांगायला नको. पहार मारताना नवा माणूस खांद्याने जोर लावतो आणि तिसऱ्या दिवशी आजारी पडतो, जुना माणूस अंगाचे वजन टाकतो आणि निवृत्तीपर्यंत टिकतो. मालीश कामगाराला मात्र हे सांगणारा मुकादम भेटत नाही. ज्या स्पर्धेत वाकड्या मनगटाला गुण कापले जातात आणि का कापले ते सर्वांसमोर सांगितले जाते, त्या स्पर्धेत बघणाऱ्या शंभर जणांचे अंगठे वाचतात. पदक एकालाच मिळते, पण हे शिक्षण सर्वांना मिळते.

दुसरा फायदा ग्राहकाचा, म्हणजे तुमचा-आमचा. कोठे मालीश करावी यापेक्षा कोठे करू नये हे ज्याला कळते तो खरा कारागीर. ताप असताना, भाजलेल्या किंवा फुटलेल्या कातडीवर, हाड मोडल्याचा संशय असताना हात लावायचा नसतो. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते आहे, दुखते आहे, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. ती चोळली आणि सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. अशा माणसाला तेल न लावता ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचे असते. तासन् तास एका जागी बसून काम करणाऱ्या आपल्या बांधवांनीही हे लक्षात ठेवावे. चांगल्या स्पर्धेत काम सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे चौकशी करावी लागते, आणि ती केली नाही तर पुढची सफाई कितीही असो, गुण जातात. तसेच भलत्या बढाया मारणाऱ्यालाही तेथे जागा नसते. मालीशने दुखऱ्या कंबरेला काही काळ आराम मिळतो, हे खरे. पण तिने मधुमेह बरा होतो, मणक्याची गादी जागेवर बसते, असे सांगणारा माणूस जाणकार परीक्षकांपुढे टिकणार नाही.

काही जण म्हणतील, मालीश ही अनुभवण्याची गोष्ट आहे, तिला गुण कसे देणार? या शंकेचे उत्तर रेल्वे कामगारांनीच द्यावे, कारण आपल्या घरातच तसे उदाहरण आहे. रेल्वेत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार स्पर्धा होतात, विभागाविभागांतील पथके त्यांत उतरतात. जखमीची भूमिका करणारा माणूस पडलेला असतो, पथक धावत येते, श्वास पाहते, पट्टी बांधते, स्ट्रेचर उचलते, आणि डॉक्टर पायरीपायरीने गुण देतात. तेथेही हाताचे काम माणसाच्या अंगावरच होते. मग ते मोजता येते आणि हे येत नाही, असे कसे? पायऱ्या आधी ठरवल्या, त्या सर्वांना आधी सांगितल्या, परीक्षक तीन-चार ठेवले, आणि ज्याच्या अंगावर मालीश झाली त्याचेही मत घेतले, म्हणजे बरेचसे मोजता येते.

आपल्या रेल्वेचा जन्मच मुळी एका स्पर्धेशी जोडलेला आहे. ऑक्टोबर १८२९ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गासाठी कोणते इंजिन घ्यावे हे ठरवायला रेनहिल येथे चाचण्या घेतल्या गेल्या. बक्षीस ५०० पौंडांचे होते. वजन किती असावे, किती फेऱ्या माराव्या, सरासरी वेग किती ठेवावा, हे आधीच कागदावर होते. मैदानात उतरलेल्यांपैकी स्टीफन्सन यांचे 'रॉकेट' हे एकच इंजिन सगळ्या फेऱ्या पुऱ्या करू शकले. लोकांच्या डोळ्यांत भरणारी वेगवान इंजिने तेथे होती, पण ती मध्येच बंद पडली. नियम चांगले असले की चमक आणि टिकाऊपणा यांतला फरक कळतो.

आता एक गंभीर आक्षेप. तो कामगार चळवळीतूनच येतो, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. स्पर्धा कामगाराला कामगारापासून तोडते, असा तो आक्षेप आहे. 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून एकाच्या गळ्यात हार घालायचा आणि बाकीच्या नव्व्याण्णवांना त्याच्याकडे बोट दाखवून राबवायचे, हा डाव आपण ओळखतो. इतिहासही तेच सांगतो. ऑगस्ट १९३५ च्या अखेरीस सोव्हिएत युनियनमध्ये अलेक्सेई स्ताखानोव या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, ठरलेल्या प्रमाणाच्या चौदापट. कोळसा तो काढत होता आणि आधाराचे लाकूड लावणारे दुसरे होते, त्यांची नावे मागे पडली. त्याचा जगभर गौरव झाला, आणि पुढच्याच वर्षी सगळ्या कामगारांची कामाची प्रमाणे वाढवण्यात आली. तिकडे स्पेनमध्ये १९४७ साली तरुण कारागिरांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, १९५० साली पोर्तुगालला बरोबर घेऊन त्या आंतरराष्ट्रीय झाल्या. आज 'वर्ल्डस्किल्स' म्हणून जी मोठी स्पर्धा भरते तिची सुरुवात ही. तेव्हा स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही होती आणि स्वतंत्र कामगार संघटनांना बंदी होती. म्हणजे कारागिराच्या हाताला पदक आणि त्याच्या तोंडाला कुलूप, हेही एकाच वेळी घडू शकते.

तेव्हा स्पर्धा आपोआप कामगारांच्या बाजूची असते, असे आमचे म्हणणे नाही. ती कोणाच्या बाजूची होईल हे दोन गोष्टींवरून ठरते. मोजायचे काय, आणि नियम कोणी करायचे? तासाला किती गिऱ्हाइके केली हे मोजले तर ती मालकाची स्पर्धा. कसब, सुरक्षितता आणि वागणूक मोजली तर ती कारागिराची स्पर्धा. स्ताखानोवच्या खाणीत टन मोजले गेले, म्हणून सर्वांचा बोजा वाढला. मनगट सरळ आहे की नाही हे मोजले तर कोणाचाच बोजा वाढत नाही, सगळ्यांचा थोडा कमी होतो. टपाल खात्यात १९८४ पासून मेघदूत पुरस्कार दिले जातात. पुरस्कार मिळालेल्या साथीचा आपल्याला आनंदच होतो. पण त्या पुरस्काराच्या नावाखाली कोणी पोस्टमनची बीट वाढवू पाहील, तर आपण विरोधच करू. आणि या दोन्ही भूमिकांत विसंगती नाही.

दृष्टिहीन कामगारांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. स्पर्शाच्या या धंद्यात त्यांनी फार पूर्वी स्थान मिळवले आहे. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांना सुईचिकित्सा आणि मालीश शिकवण्याची शाळा उभी केली. कोरियात मालीशचा परवाना फक्त दृष्टिहीनांना देण्याची पद्धत होती. मे २००६ मध्ये तेथील घटना न्यायालयाने तो नियम रद्द केला. दृष्टिहीन मालीश कामगार रस्त्यावर आले, सोलमध्ये पुलावरून हान नदीत उड्या घेण्यापर्यंत गोष्ट गेली, काहींनी जीव गमावला. काही महिन्यांतच तेथील संसदेने कायदा करून ते आरक्षण परत आणले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्याच न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पोटाचा एकच मार्ग असलेल्या माणसाला कसबाची मान्यता म्हणजे काय असते, हे या झगड्यावरून समजते.

अपंग कामगारांच्या कौशल्यस्पर्धांची परंपराही जगात आहे. १९८१ या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात टोकियो येथे पहिली आंतरराष्ट्रीय ॲबिलिंपिक्स भरली, आणि सहावी नोव्हेंबर २००३ मध्ये आपल्या नवी दिल्लीत झाली. तेव्हा मालीश कामगारांची कोणतीही स्पर्धा भरवताना नियम ब्रेलमध्ये आणि ध्वनिफितीवर हवेत, टेबलांमधली वाट मोकळी हवी, आणि 'दिसायला कसे आहे' यासाठी गुण नकोत. या धंद्यात डोळस माणसाने अंधाकडून शिकावे असे पुष्कळ आहे.

आपल्या देशात काही पावले पडली आहेत. वर्ल्डस्किल्समध्ये सौंदर्योपचार हा एक विभाग आहे आणि शरीराची मालीश त्याचा भाग असते. भारताने २०१९ साली कझान येथील स्पर्धेत निरनिराळ्या कौशल्यांत एक सुवर्ण, एक रौप्य व दोन कांस्य, आणि २०२४ साली लियाँ येथे चार कांस्यपदके मिळवली. साध्या घरांतील मुला-मुलींनी हे यश मिळवले याचा अभिमान वाटतो. पण त्या स्पर्धेत बहुतेक कौशल्यांना वयाची मर्यादा २२ वर्षांची आहे. आमची तेल लावणारी बाई पन्नाशीची आहे. तालमीतला वस्ताद साठीचा आहे. ज्यांच्याजवळ कसब आहे ते वयाने बाहेर राहतात. म्हणून वयाची अट नसलेल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत होणाऱ्या, आपल्या भाषेतल्या स्पर्धा हव्यात.

त्या कशा असाव्यात, याविषयी आमच्या काही सूचना आहेत. त्यांचा विचार व्हावा.

एक, नियम करणाऱ्या समितीत निम्म्याहून अधिक माणसे स्वतः मालीश करणारी असावीत. त्यांत स्त्रिया आणि दृष्टिहीन कामगार असावेत. सोबत फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर असावेत.

दोन, वेगाला आणि गिऱ्हाइकांच्या संख्येला गुण नसावेत. पूर्वचौकशी, स्वच्छता, समोरच्याची संमती, अंग झाकण्याची रीत, हाताची पद्धत आणि स्वतःच्या शरीराची काळजी, यांना असावेत.

तीन, प्रत्येकाला त्याची गुणपत्रिका शेऱ्यांसह परत मिळावी. हरलेल्या माणसाला काय सुधारायचे ते कळले नाही, तर स्पर्धा ही नुसती जत्रा होते.

चार, प्रवेशशुल्क घेऊ नये. ज्या दिवशी तो स्पर्धेला येतो त्या दिवसाची त्याची मजुरी बुडते, ती भरून द्यावी. तेल विकणाऱ्या कंपनीची देणगी घ्यायची तर घ्या, पण परीक्षकाच्या खुर्चीवर तिचा माणूस नको.

पाच, ठरावीक गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पहिला असो की एकोणचाळिसावा, दाखला मिळावा. आणि तो दाखला पुढे मजुरीच्या दराशी आणि ओळखपत्राशी जोडण्यासाठी संघटनेने मागणी करावी. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. नुसत्या पदकाने पोट भरत नाही. ट्रेड टेस्ट पास झाल्यावर वेतनश्रेणी बदलली नसती, तर आपल्यापैकी किती जणांनी ती दिली असती? कसबाची नोंद आणि कसबाचा दाम या गोष्टी एकमेकींपासून तोडू द्यायच्या नाहीत.

सहा, स्पर्धेच्या जागीच कायद्याची माहिती द्यावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रातील स्त्रियांनाही लागू आहे, दहापेक्षा कमी कामगार असले तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे स्पामध्ये काम करणाऱ्या किती मुलींना माहीत आहे? असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. एका दिवशी शंभर मालीश कामगार एकत्र येतात, ही संधी साधून तेथेच ती नोंदणी करून देता येईल.

यात आपण काय करू शकतो? पुष्कळ करू शकतो. भुसावळला, सोलापूरला, नागपूरला, आणि महाराष्ट्राबाहेर इटारसी, झाशी, हुबळी, सिकंदराबाद येथे आपली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या रेल्वे वसाहतीत राहत आहेत. तेथे रेल्वे इन्स्टिट्यूटची सभागृहे आहेत. एखाद्या रविवारी ते सभागृह मागून घेणे अवघड नाही. प्रथमोपचार स्पर्धांत परीक्षणाचा अनुभव घेतलेली माणसे आपल्यात आहेत. गुणपत्रिका कशी आखावी, तक्रार आली तर निवाडा कसा करावा, हे त्यांना ठाऊक आहे. आणि पोस्टमन बांधवांइतकी घरोघरची माहिती दुसऱ्या कोणाला असते? कोणत्या आळीत तेल लावणारी बाई राहते, कोणत्या चाळीत अंध मालीशवाला राहतो, हे त्यांना विचारावे. निमंत्रण त्यांच्याच हातून जावे.

बंधू-भगिनींनो, मालीश करणाऱ्यांची संघटना आपण बांधून द्यायची नाही. ती त्यांनीच बांधायची आहे. पण माणसे एकमेकांना भेटल्याशिवाय संघटना होत नाही, आणि हे कामगार आपापल्या बंद खोल्यांत असल्यामुळे एकमेकांना भेटतच नाहीत. स्पर्धेच्या निमित्ताने ते प्रथम एकमेकांचे हात पाहतील, मग एकमेकांशी बोलतील. तुला तिकडे किती देतात, मला इकडे किती देतात, हा प्रश्न दुपारच्या जेवणाला नक्की निघेल. आमच्या मते ज्या दिवशी तो निघेल त्या दिवशी स्पर्धा यशस्वी झाली, पहिला क्रमांक कोणाचाही येवो. येत्या तिमाहीत आपल्या शाखेच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आपल्या भागातील मालीश कामगारांना बोलावून त्यांचे म्हणणे प्रथम ऐकावे आणि मग पुढचे ठरवावे, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.